गोल राखणारा फिरस्ता

मैदानी खेळांत एक जागा अशी असते की तिथे उभे राहायला सहसा कोणी आपण होऊन तयार होत नाही. शाळेत फुटबॉल काढला म्हणजे शिक्षक मंडळींना याचा अनुभव येतोच. प्रत्येक मुलाला पुढे धावायचे असते, चेंडू मारायचा असतो, गोल करायचा असतो. मग दोन दगड किंवा दोन दप्तरे ठेवून केलेल्या गोलात उभे कोणी राहायचे? जो धाकटा, जो जरा जाडा, ज्याचा पाय कालच लचकला आहे, त्याला सगळे म्हणतात, "तू मागे राहा." बाकीच्या दहाजणांची चूक मैदानात मुरून जाते, गोलकीपरची चूक मात्र आकड्यात मोजली जाते. आट्यापाट्यांत शेवटची पाटी धरणाऱ्यावर जो भार असतो, तसाच काहीसा हा भार आहे.

या जागेचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. अकरा खेळाडूंच्या संघात पुढे खेळणारे पाच-सहा असतात, मागचे चार-पाच असतात. एक आजारी पडला तर दुसरा त्याच्या जागी सरकतो. गोलकीपर मात्र एकच. त्याच्या जागी दुसरा कोणी सरकवावा म्हटले तर त्याला ते काम येत नाही. म्हणून एखाद्या संघाचा गोलकीपर चांगला असेल तर दुसरा गोलकीपर वर्षानुवर्षे बाकावर बसून राहतो; आणि तोच चांगला गोलकीपर पडला, हात मोडून बसला, की संघाची पंचाईत होते. शनिवारी सामना आणि गुरुवारी गोलकीपर नाही! अशा वेळी कोठून तरी तयार माणूस आणावा लागतो. यातूनच फुटबॉलच्या जगात फिरत्या गोलकीपरांची एक जातच निर्माण झाली. आज या गावी, उद्या त्या गावी. जिथे जागा रिकामी तिथे उभे राहायचे. आपल्याकडे सुतार-गवंडी काम संपले की हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पुढच्या गावाला निघतात, तसे हे गोलकीपर. त्यांना आपण फिरस्ते म्हणू.

अशाच एका फिरस्त्याची हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे. ली रिचमंड रूस हे त्याचे नाव. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये फुटबॉल पाहणाऱ्या पोराटोरांनाही हे नाव ठाऊक होते. ही हकिगत सांगण्याचे कारण असे, की आज जगात कुठेही फुटबॉलचा सामना झाला तर त्यात पाळला जाणारा एक नियम या माणसाच्या खेळाशी जोडलेला आहे. दुसरे कारण त्याच्या नावाचे पुढे काय झाले हे आहे. ते शेवटी येईल.

रूसचा जन्म २७ नोव्हेंबर १८७७ रोजी झाला. वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला डोंगराळ मुलूख. त्याच्या उत्तर भागात रेक्सम नावाचे शहर आहे, आणि त्याच्या जवळ होल्ट हे लहानसे गाव. तिथे त्याचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. घर शिकलेले, शिस्तीचे. या होल्टच्या शाळेत १८८७ साली एक तरुण मास्तर नोकरीला होता. मुलांबरोबर फुटबॉल खेळताना एका दांडग्या मुलाचा असा धक्का त्याला बसला, की त्याच्या मूत्रपिंडाला इजा झाली आणि पुढे ती नोकरीही सुटली. हा मास्तर म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले लेखक एच. जी. वेल्स. लहानगा रूस याच शाळेत शिकला असे सांगतात. ज्या गावात मास्तर लोकही पोरांबरोबर मैदानात उतरत होते, तिथे धर्मोपदेशकाच्या मुलाने चेंडूच्या मागे लागावे यात नवल नाही.

पुढे तो समुद्रकाठच्या ॲबरिस्टविथ या गावी कॉलेजात शिकायला गेला. विषय विज्ञान. पण गावाला तो आठवत राहिला तो तिथल्या संघाचा गोलकीपर म्हणून. १९०० साली ॲबरिस्टविथच्या संघाने 'वेल्श कप' जिंकला. अंतिम सामन्यात ड्रूइड्स संघावर तीन गोल चढवले आणि रूसने आपल्या बाजूला एकही होऊ दिला नाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत तो आयर्लंडविरुद्ध प्रथमच वेल्स देशाकडून खेळला. तेव्हापासून १९११ पर्यंत तो देशासाठी २४ सामने खेळला. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स या चार देशांत दरवर्षी स्पर्धा होत असे. वेल्स सर्वांत धाकटे भावंड. १९०७ साली या धाकट्या भावंडाने ती स्पर्धा प्रथमच जिंकली. त्या संघात रूस होता.

आता त्याच्या खेळाकडे वळू. त्यासाठी त्या काळचा नियम समजून घेतला पाहिजे.

आज गोलकीपरला चेंडू हातात घेता येतो तो फक्त आपल्या गोलासमोर आखलेल्या चौकटीत. ही चौकट १८ यार्ड लांब आणि ४४ यार्ड रुंद असते. चौकटीबाहेर तो इतरांसारखाच. हात लावला की गुन्हा. १९१२ पूर्वी असे नव्हते. चौकट आखलेली होती, पण ती दंडाच्या फटक्यासाठी, म्हणजे पेनल्टीसाठी. गोलकीपरला आपल्या बाजूच्या संपूर्ण अर्ध्या मैदानात चेंडू हाताळण्याची मुभा होती. एकच अट होती: चेंडू हातात घेऊन दोन पावलांपेक्षा जास्त चालायचे नाही.

ही मुभा सर्वांनाच होती. तरी गोलकीपर मंडळी गोलाच्या खांबांपासून फार दूर जात नसत. कारण उघड आहे. गोलकीपर पन्नास यार्ड पुढे गेला आणि चेंडू निसटला तर मागे गोल उघडा पडला! शिवाय त्या काळी गोलकीपरच्या हातात चेंडू असला की प्रतिस्पर्ध्याने खांद्याने धडक मारून त्याला लोळवणे नियमाला धरून होते. चेंडूसह गोलकीपरला गोलाच्या आत ढकलले तर गोल झाला असे मानत. तेव्हा शहाणा गोलकीपर चेंडू हातात आला की तो लाथेने दूर भिरकावून मोकळा होई.

रूसने नियम नीट वाचला. हातात धरून दोन पावलांपेक्षा जास्त जायचे नाही, असे नियम म्हणत होता. जमिनीवर टप्पे देत जाऊ नये, असे कुठे म्हटले होते? झाले! चेंडू हाती आला की हा सहा फुटांपेक्षा उंच, रुंद खांद्यांचा गडी चेंडूचे टप्पे देत सरळ पुढे धावत सुटे. मध्यरेषेपर्यंत जाई आणि तिथून चेंडू फेकून किंवा मारून आपल्या पुढच्या गड्यांना देई. समोरचा संघ अजून माघारी वळलेलाही नसे, तोच त्यांच्या गोलावर हल्ला! आडवा येणाऱ्याला खांद्याने बाजूला सारण्याची ताकद त्याच्या अंगात होती. धाडस होते, हिशेबही होता. मागे गोल उघडा आहे हे त्याला कळत नव्हते असे नाही. पण चेंडू आपल्यापाशी आहे तोवर उघड्या गोलाला भय नाही, हे त्याने ओळखले होते. तोपर्यंत गोलकीपर म्हणजे घराचा दरवाजा राखणारा. रूसने दाखवून दिले की दरवाजा राखणाराच स्वारीची सुरुवातही करू शकतो. १९०६ साली 'द बुक ऑफ फुटबॉल' या ग्रंथात त्याने गोलरक्षणाच्या कलेवर एक प्रकरणही लिहिले.

आता कोणी विचारील, असा गुणी गोलकीपर एखाद्या मोठ्या संघाने कायमचा बांधून का ठेवला नाही? उत्तर मोठे बोधप्रद आहे. त्याला बांधता येत नव्हते!

इंग्लंडमध्ये १८८५ पासून फुटबॉल खेळून पैसे घेणे कायदेशीर झाले आणि खेळाडूंचे दोन वर्ग पडले. एक धंदेवाईक, दुसरा हौशी. धंदेवाईक खेळाडू बहुतेक गिरणीतल्या किंवा खाणीतल्या कामगारांची मुले. १९०१ साली त्यांच्या पगारावर मर्यादा घातली गेली: आठवड्याला चार पौंड, त्यापेक्षा जास्त नाही. खेळ कितीही चांगला असो. १९१० साली ही मर्यादा पाच पौंडांपर्यंत वाढवता येईल असे ठरले, एवढेच. त्याहून जाचक गोष्ट निराळीच होती. खेळाडूचे नाव एकदा एका क्लबाच्या नोंदवहीत चढले की हंगाम संपला, करार संपला, तरी त्या क्लबाच्या परवानगीवाचून त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. आपल्याकडच्या सालगड्याचे उदाहरण घ्या. पाडव्याला साल संपले की तो धन्याला रामराम करून दुसरीकडे राहू शकतो. कर्जात अडकला असेल तरच त्याचा पाय निघत नाही. या फुटबॉलच्या गड्याचा पाय कर्ज नसतानाही अडकलेला असे. साल संपले तरी जुन्या धन्याची चिठ्ठी हवी! पगाराची ती मर्यादा १९६१ साली उठली, आणि हे बांधून ठेवणे न्यायाला धरून नाही असा निकाल इंग्लंडच्या कोर्टाने १९६३ साली दिला. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे हा प्रकार चालला.

हौशी खेळाडूला ही दोरी नव्हती. तो पगार घेत नसे, म्हणून कोणाचा बांधलेला नसे. मन मानेल त्या क्लबाकडून खेळावे, मन उठले की निघावे. रूस शेवटपर्यंत हौशी राहिला. शिक्षणासाठी तो लंडनला आला होता आणि किंग्ज कॉलेजच्या रुग्णालयात वैद्यक शिकत होता. डॉक्टरकीची परीक्षा काही त्याच्या हातून पुरी झाली नाही, तरी पुष्कळ लोक त्याला डॉक्टर म्हणत. पगार नव्हता, पण प्रवासखर्च, राहण्याचा खर्च हे क्लबाकडून घेता येत असे. आणि हा खर्च रूसच्या बाबतीत चांगलाच फुगत असे. लंडनहून गाडी चुकली तर स्वारी खास आगगाडी ठरवून सामन्याला जाई आणि बिल क्लबाच्या नावे पाठवी, असे सांगतात. एकदा वरिष्ठांनी खर्चाचा तपशील मागितला, तेव्हा त्याने थंडीत उभे राहण्यासाठी कोट आणि हातमोजे इतके पेन्स, अशा बारीकसारीक थट्टेच्या बाबी लिहून धाडल्या, अशीही गोष्ट प्रसिद्ध आहे.

इथे शिक्षक मित्रांना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. रूसविषयी ज्या हकिगती सांगतात त्यांतल्या काही कागदावर टिकणाऱ्या आहेत, काही तोंडोतोंडी वाढलेल्या. तो कोणत्या साली कोणत्या क्लबाकडून खेळला, सामन्यात किती गोल झाले, हे वर्तमानपत्रांत आणि नोंदवह्यांत आहे. ॲबरिस्टविथचा जुना, कधी न धुतलेला सदरा तो प्रत्येक सामन्यात आतून घालत असे, ही गोष्ट प्रेमाने सांगितली गेली. ती तेवढ्याच तोलाने घ्यावी. इतिहास शिकवताना मुलांपुढे दोन्ही ठेवायला हरकत नाही. फक्त कोणती कोणत्या पिशवीतली, हे सांगावे.

नोंदवह्या काय सांगतात? १९०१ साली तो स्टोक या क्लबात गेला. मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचा हा मुलूख. १९०४ साली लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबाचा गोलकीपर जायबंदी झाला, तेव्हा रूसला तिथे बोलावणे आले. त्या हंगामात एव्हर्टनचे लीगचे विजेतेपद एका गुणाने हुकले आणि कपाच्या स्पर्धेत संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. हंगाम संपला, स्वारी पुन्हा स्टोकला. १९०८ साली उत्तरेकडे, जहाजबांधणीच्या संडरलंड गावी. तिथे तो रमला. ५ डिसेंबर १९०८ रोजी शेजारच्या न्यूकॅसलशी त्यांच्याच मैदानावर सामना झाला. मध्यंतराला एकास एक अशी बरोबरी होती. सामना संपला तेव्हा संडरलंडचे नऊ आणि न्यूकॅसलचा एकच! गंमत अशी की त्या हंगामात लीगचे विजेतेपद त्याच न्यूकॅसलने मिळवले. खेळात एका दिवसाचा हिशेब आणि वर्षाचा हिशेब वेगवेगळे असतात, ते असे.

मधूनमधून उसनवारीही चाले. १९१० साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाचा गोलकीपर आजारी पडला, म्हणून रूस एका सामन्यापुरता तिकडे गेला. स्कॉटिश कपाचा उपांत्य सामना होता. क्लाइड संघाने सेल्टिकला तीन विरुद्ध एक असे हरवले. आपल्यावर गोल चढवणाऱ्याचा हात रूसने हातात घेतला आणि त्याचे अभिनंदन केले. सेल्टिकच्या पाठीराख्यांना ते काही फारसे रुचले नसावे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचा फिरस्तेपणा त्याच्या अंगाशी आला. पोर्ट व्हेल हा स्टोकचा शेजारी क्लब. दोघांत हाडवैर. एका जिल्हा लीगचा निर्णायक सामना स्टोकच्या दुसऱ्या फळीच्या संघाशी, स्टोकच्याच मैदानावर होता. पोर्ट व्हेलने बाहेरून मातबर गडी आणले आणि गोलात उभा केला रूस! ज्याला आपण इतकी वर्षे डोक्यावर घेतले तोच आज शेजाऱ्याकडून आपल्या पोरांचे गोल अडवतो आहे, हे स्टोकच्या लोकांना सहन झाले नाही. लोक मैदानात घुसले, त्यांनी रूसला धरले आणि जवळच्या ट्रेंट नदीत बुचकळायला ओढत नेऊ लागले. मध्यस्थांनी कसेबसे सोडवले. जो सगळ्यांचा असतो त्याच्यावर हक्क सगळेच सांगतात, आणि रागावतातही सगळेच.

१९१० च्या नोव्हेंबरात न्यूकॅसलविरुद्ध खेळताना रूसचे मनगट मोडले. गोलकीपरचे मनगट म्हणजे गवयाचा गळा. तेव्हा त्याला तेहतीसावे वर्ष सरत होते. हाड सांधले, पण पूर्वीची पकड आली नाही. पुढच्या दीड-दोन वर्षांत तो हडर्सफील्ड, ॲस्टन व्हिला आणि लंडनचा वूलिच आर्सेनल अशा तीन क्लबांतून थोडे थोडे सामने खेळला. लीगमधले त्याचे सामने पावणेतीनशेच्या वर गेले होते. १९१२ साली आर्सेनल सोडल्यावर पहिल्या दर्जाच्या मैदानावर तो पुन्हा दिसला नाही.

आणि त्याच १९१२ साली फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळाने कलम बदलले: गोलकीपरने चेंडूला हात लावायचा तो फक्त आपल्या गोलासमोरच्या चौकटीत. हा बदल एकट्या रूससाठी झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मध्यरेषेपर्यंत टप्पे देत जाणारा सर्वांत नामांकित गोलकीपर तोच, आणि म्हणून या कलमाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. योगायोग पाहा. कलम अमलात आले त्या हंगामात ज्याच्यामुळे ते आले असे लोक म्हणत, तो लीगमध्ये नव्हताच. मुलांना आपण सांगतो की नियम आधी असतात, खेळ नंतर. प्रत्यक्षात खेळ पुढे जातो आणि नियम त्याच्या मागून येतो. एखादा माणूस नियमातली मोकळी जागा शोधतो, ती वापरून दाखवतो, आणि मग बाकीचे जागे होऊन तिथे कुंपण घालतात. आज गोलकीपर चौकटीच्या रेषेपाशी येऊन थबकतो, तेव्हा तो १९१२ च्या कुंपणापाशी थबकलेला असतो.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. रूस सदतिसाव्या वर्षात होता. घरी बसला असता तर कोणी नावे ठेवली नसती. वैद्यकाचे थोडेफार शिक्षण होते, म्हणून तो लष्कराच्या वैद्यकीय पथकात दाखल झाला. फ्रान्समध्ये जखमींची शुश्रूषा केली, मग तुर्कस्तानच्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर गेला. त्यानंतर १९१६ साली तो रॉयल फ्युसिलियर्स या पलटणीच्या नवव्या तुकडीत साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि फ्रान्समध्ये सोम नदीच्या आघाडीवर पोहोचला.

ऑगस्टमध्ये जर्मनांनी त्यांच्या खंदकावर आगीचे फवारे सोडणाऱ्या यंत्रांनी हल्ला केला. खंदकात रूसचा हा पहिलाच प्रसंग. कपडे जळाले, धुराने जीव गुदमरला. तरी तो मागच्या दवाखान्यात जायला तयार होईना. तो हातबाँब फेकत राहिला. खांदा भरून येऊन हात उचलेना, तेव्हा त्याने बंदूक घेतली. पलटणीच्या इतिहासात या प्रसंगाची नोंद आहे. ज्या हाताने त्याने मध्यरेषेवरून पुढच्या गड्यांना चेंडू फेकले, तोच हा हात. या कामगिरीबद्दल त्याला मिलिटरी मेडल हे शौर्यपदक मिळाले आणि तो लान्स कॉर्पोरल झाला. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी गेदकूर गावाजवळच्या चढाईत तो मारला गेला. प्रेत सापडले नाही.

आता नावाची गोष्ट. भरतीच्या कागदात कारकुनाने त्याचे आडनाव एका अक्षराने चुकवले. रूस याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये लागोपाठ दोन 'ओ' येतात; दुसऱ्या 'ओ'च्या जागी 'यू' पडला आणि 'रूस'चा 'राऊस' झाला. पलटणीच्या इतिहासात त्याच्या पराक्रमाची नोंद आहे ती राऊसच्या नावाने. युद्धानंतर सोमच्या मुलखात थीपव्हाल येथे प्रचंड स्मारक उभे राहिले. १९३२ साली त्याचे उद्घाटन झाले. ज्यांना थडगे लाभले नाही अशा ७२ हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिथे दगडात कोरली. तिथेही तो राऊसच झाला. एके काळी ज्याचे नाव वाचून लोक सामन्याचे तिकीट काढत, त्याचे नाव शोधायला कोणी त्या दगडापाशी गेले असते तर ते सापडले नसते. तो नेमका कुठे आणि कसा पडला हे बराच काळ घरच्यांनाही धड कळले नव्हते.

मला वाटते, याला त्याचा फिरस्तेपणाही थोडासा कारण असावा. एकाच क्लबात आयुष्य घालवणाऱ्याची आठवण तो क्लब ठेवतो. त्याचा फोटो भिंतीवर राहतो, म्हातारे पाठीराखे नातवंडांना गोष्टी सांगतात. रूस स्टोकचा, एव्हर्टनचा, संडरलंडचा, व्हिलाचा, आर्सेनलचा. प्रत्येकाला वाटले की आठवण दुसरा कोणी ठेवील. मोकळेपणाची ही किंमत आहे. बांधलेला गडी चार पौंडांत पिचला, पण कोणाचा तरी राहिला. मोकळा गडी मनासारखे जगला. त्याच्या नावातले अक्षर चुकले तेव्हा ते दुरुस्त करायला मात्र कोणी पुढे आले नाही.

आता एक गोष्ट आपल्या गावांची. थीपव्हालचे स्मारक ज्यांनी उभारले ते वास्तुशिल्पी एडविन लचेन्स. दिल्लीचे इंडिया गेट त्यांचेच. त्यावर १३ हजारांहून अधिक नावे आहेत. रूस ज्या १९१६ साली पडला, त्याच साली २९ एप्रिलला इराकमध्ये कुत येथे पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला महिनोन्‌महिने वेढ्यात राहून शरण जावे लागले. त्यात मराठा पलटणी होत्या. आपल्या सातारा-रत्नागिरीकडची मुले होती. इराकच्या आघाडीवर मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झाले. तिथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी अंमलदारांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या फक्त दिली. ही वागणूक सारखी नव्हती, हे ती स्मारके सांभाळणाऱ्या आयोगानेच २०२१ साली आपल्या अहवालात मान्य केले आणि त्याबद्दल माफी मागितली.

साताऱ्याकडच्या, कोकणातल्या अनेक खेड्यांत आजही चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच तिच्यावर मजकूर. नाव एकही नाही. रूसचे एक अक्षर चुकले म्हणून आपण हळहळतो. या दगडांवर तर पहिले अक्षरसुद्धा पडलेले नाही.

शिक्षक बंधूभगिनींनो, रूसचे नाव शोधणाऱ्यांनी काय केले? जुनी वर्तमानपत्रे चाळली, पलटणीची कागदपत्रे पाहिली, घराण्यातल्या लोकांकडे चौकशी केली. हे काम एखाद्या शाळेच्या सातवी-आठवीच्या वर्गालाही जमण्यासारखे आहे. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर मुलांना तिच्यापाशी न्या. आकडा वहीत लिहून घ्या. मग घरोघर विचारा: कोणाच्या देवघरात जुने बिल्ले आहेत, कोणाच्या पेटीत पेन्शनचा कागद आहे, कोणाचे पणजोबा बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. पाटीवर पाच असा आकडा असेल आणि तुमच्या वहीत तीन नावे आली, तरी ती तीन माणसे गावात परत आली असे समजा. नावे लिहिताना अक्षर मात्र तपासून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारूनच लिहा.